घड्याळजींचं पिस्तूल

पिस्तूल घेणार, असं घड्याळजी बोलून बसले होते आणि बोललेलं गिळायची सोय आता उरली नव्हती. एकदाच बोलले असते तर लोक विसरलेही असते. पण त्यांनी ते शेजारच्या औषधवाल्याला सांगितलं, समोरच्या चांभाराला सांगितलं, दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ न्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं आणि शेवटी मेहुण्याला सांगितलं. तिथेच फसले. बाकीचे लोक 'हो का, वा' म्हणून आपापल्या कामाला लागत. मेहुणा मात्र स्वतःचं काम टाकून दुसऱ्याच्या कामाला लागणारा माणूस. त्याने आठ दिवसांत शूटिंग रेंजवर वेळ ठरवली, परवान्याच्या अर्जाचा कागद आणला आणि रविवारी सकाळी दारात गाडी उभी करून हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

"दाजी, चला! आज खरं पिस्तूल हातात देतो तुमच्या."

घड्याळजी बूट घालता घालता बायकोला म्हणाले, "तूही चल."

"मला काय करायचंय तिथे?"

"बघ तर खरं. बसायला जागा असते म्हणे."

 तिने ओढणीने हात पुसले, उजव्या मनगटावर तो तपकिरी पट्टा चढवला आणि निघाली. मनगट आठ महिन्यांपूर्वी दुखावलं होतं आणि अजून भरलेलं पातेलं उचलताना कळ यायची. घड्याळजींनी तो पट्टा पाहिला आणि बुटाची नाडी, बांधलेली असूनही, पुन्हा बांधली.

त्या मनगटाची गोष्ट अशी. घड्याळजींचं दुकान म्हणजे पुढे काउंटर आणि मागे प्लायवुडच्या पडद्याआड त्यांचं टेबल. पुढे बायको बसायची, गिऱ्हाइकं घ्यायची, घड्याळांना चिठ्ठ्या बांधायची. मागे हे डोळ्यावर भिंग लावून. काही लागलं की ती बसल्या जागेवरून 'अहो' म्हणायची आणि हे आतून 'ओ' द्यायचे. बत्तीस वर्षं असंच चाललं होतं. मग एका दुपारी एक माणूस आत आला, त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं नाही, आणि तिचं मनगट पिरगाळून दुरुस्तीच्या घड्याळांचा ट्रे मागितला.

"अहो!" ती ओरडली.

आता हे सांगायलाही अवघड जातं, पण सांगायला हवं. घड्याळजींना ऐकू आलं. पडदा होता तो पाव इंचाचा प्लायवूड. पलीकडे कोणी खोकलं तरी ऐकू यायचं. हाकेतच कळलं की ही चहा विचारायची हाक नाही. त्या माणसाचा आवाजही आला, 'गप, हात मोडीन' असा. आणि घड्याळजींची पाचावर धारण बसली. पाय टेबलाखाली होते तिथेच राहिले. ती पुन्हा ओरडली, आणि पुन्हा. घड्याळजी मनाशी मोजत तेव्हा त्या हाका तीन भरत. त्या वेळी त्यांच्या चिमट्यात एक स्क्रू होता, तिळाहून लहान. तो त्यांनी जागेवर बसवला आणि फिरवून घट्ट केला. हात जराही कापला नाही. बायको पलीकडे ओरडत होती आणि हे स्क्रू पिळत होते. काच फुटल्याचा आवाज आला, मोटरसायकल सुरू झाली, लांब गेली, आणि मग घड्याळजी बाहेर आले.

पोलीस आला तेव्हा त्याने वहीतून मान वर करून विचारलं, "आतून कोणी मदतीला आलं नाही?"

घड्याळजींनी तोंड उघडलं. काय सांगणार होते ते त्यांना अजूनही ठाऊक नाही. त्याआधीच बायको बोलली. मनगट बर्फात धरून, जमिनीकडे बघत ती म्हणाली, "आत घड्याळाचे भाग धुवायचं मशीन चालू होतं. फार आवाज करतं ते. त्यांना ऐकू नसेल आलं."

मशीन तीन आठवडे बंद पडलेलं होतं. त्याची वायर तिनेच गुंडाळून ते फळीवर ठेवलं होतं.

तिने ती थाप यांच्या हातात ठेवली आणि यांनी ती घेतली. नुसती घेतली नाही, तिखटमीठ लावून सगळ्या बाजाराला वाटली. मशीन कसं घोंघावतं, त्यात कानाशी बॉम्ब फुटला तरी कळत नाही, 'मला नुसती चाहूल लागली असती ना, तर त्याला तिथेच आडवा केला असता.' पुढच्याच आठवड्यात त्यांनी ते मशीन दुरुस्त करून घेतलं आणि धुवायला काही नसलं तरी ते चालू ठेवू लागले, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला आवाज ऐकू यावा. लोक म्हणत, खरंच बुवा, काय आवाज आहे. बायको काही म्हणत नसे. फक्त त्या दिवसापासून तिने बसल्या जागेवरून हाक मारणं सोडलं. काही लागलं की ती उठायची, चार पावलं चालून पडद्यापाशी यायची आणि हळू आवाजात सांगायची. आठ महिन्यांत दुकानात एकदाही 'अहो' ऐकू आलं नव्हतं. पिस्तुलाचं खूळ डोक्यात शिरलं ते त्यामुळे. तिने एकदा बघावं, हा माणूस पिस्तूल धरू शकतो, चालवू शकतो, मग कदाचित ती पुन्हा हाक मारील.

रेंज म्हणजे एक लांबट, बिनखिडक्यांची इमारत. आत शिरल्यावर जळक्या फटाक्यासारखा वास आणि रबरी चटया. गोळी झाडायचे कप्पे अंधुक होते, पलीकडे कागदी लक्ष्यांवर दिवे. मागच्या भिंतीशी लाकडी बाक आणि बाकाच्या वर भिंतीला एक लख्ख ट्यूबलाइट. बायको त्या ट्यूबलाइटखाली पर्स मांडीवर घेऊन बसली. जमिनीवर लाल पट्टा ओढलेला होता. त्याच्या अलीकडे नेमबाज, पलीकडे बघे.

प्रशिक्षक होत्या एक पंचेचाळिशीच्या बाई, केस बारीक कापलेले. मेहुणा त्यांना सांगत होता, "मॅडम, आमचे दाजी म्हणजे नुसते हात आहेत हात! मुंगीच्या पायात चपला घालतील."

"असं का," बाई म्हणाल्या आणि पेटी उघडली. "हे सगळ्यात छोटं. दुकानदार लोक हेच मागतात. छोटं म्हणून सोपं असेल असं मात्र समजू नका, काका. छोटं जास्त उडतं."

पिस्तूल खरोखरच छोटं होतं. तळहातात मावेल एवढं. घड्याळजींनी मूठ वळली तर करंगळीला जागाच उरेना, ती खाली लोंबकळत राहिली. पण वरचा सरकता भाग बाईंनी मागे ओढून दाखवला तेव्हा मात्र त्यांचा जीव त्यात अडकला. कसं बसवलंय! कुठे फट नाही, कुठे खरखर नाही. लहानशा जागेत एवढी स्प्रिंग दाबून बसवणारा कोणीतरी आपल्याच जातकुळीचा कारागीर असणार, असं त्यांना वाटलं आणि भीती थोडी ओसरली.

बाई बोलत होत्या. नळी कायम समोर, काहीही झालं तरी समोर. झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापावर ठेवायचं नाही, बाजूला सरळ ठेवायचं. "आणि मध्येच अडलं, तर काही म्हणजे काही करायचं नाही. तसंच समोर धरून ठेवायचं आणि दुसरा हात वर करायचा. मी येते. कळलं?"

"हो हो," घड्याळजी म्हणाले. यंत्र अडलं तर काय करायचं हे त्यांना कोणी शिकवायची ही चाळीस वर्षांतली पहिलीच वेळ होती.

कानांवर आवाज अडवणारे जाड मफ चढवले, डोळ्यांवर प्लॅस्टिकचा चष्मा. जग लांब गेल्यासारखं झालं, पण बाई शेजारी उभ्या राहून मोठ्याने बोलत होत्या ते नीट कळत होतं. पहिली गोळी सुटली तेव्हा हाताला असा हिसका बसला की घड्याळजींचे दात एकमेकांवर आपटले. पण कागदावर मधल्या वर्तुळात भोक पडलेलं दिसलं. दुसरी त्याच्या शेजारी. तिसरी तर पहिल्या भोकाला खेटून.

"अरे वा," बाई म्हणाल्या.

मेहुण्याने मागे टाळ्या पिटल्या. घड्याळजींची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं. त्यांनी मान किंचित वळवून बाकाकडे पाहिलं. बायको बघत होती. चेहरा नेहमीचाच, पण बघत होती. आठ महिन्यांत यांना एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

"काका, मनगट सैल पडतंय तुमचं. घट्ट धरा," बाई म्हणाल्या. "हळुवार धरलं की अडकतं ते."

पण हळुवार धरणं हाच त्या हातांचा धंदा. चौथी गोळी सुटली आणि पिस्तूल अडलं. रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता वरच्या फटीत उभी अडकली होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. सरकता भाग तिच्यावर टेकून राहिला होता.

आता पुढे जे झालं त्याला दोन-तीन सेकंदं लागली असतील. चाळीस वर्षं घड्याळजींचा एक नेम होता. चालतं यंत्र बंद पडलं की ते डोळ्याजवळ न्यायचं आणि उजेडाकडे वळायचं. उजेड मागे होता. ते वळले.

"थांबा!" बाई म्हणाल्या.

घड्याळजींना ऐकू आलं. अगदी स्वच्छ ऐकू आलं. आणि त्यांच्या मनात आलं, 'एवढ्याशा गोष्टीला कशाला थांबायचं, नखाने निघेल.' तीन भोकांची धुंदी होती, बायको बघत होती, आणि पिस्तूल नीट करणं हे पिस्तूल चालवण्याहून मोठं काम होतं, जे इथे फक्त त्यांनाच येत होतं.

"काका, थांबा! नळी समोर!"

त्यांनी डाव्या अंगठ्याच्या नखाने पुंगळी टिचकी मारून उडवली. सरकता भाग 'खट्ट' करून पुढे गेला आणि जागेवर बसला. बंद पडलेलं घड्याळ पुन्हा चालू झालं की होतो तसाच आनंद त्यांना झाला. हसतच त्यांनी मान वर केली.

पिस्तुलाची नळी बाकाकडे होती. बायकोच्या छातीकडे. आणि एवढ्या लहान वस्तूला धरायला दुसरी जागा नव्हती म्हणून त्यांचं बोट चापावर होतं.

तिने हात पुढे धरला होता, तोच, पट्ट्याचा. तळवा उघडा, जणू गोळी हाताने अडणार होती. तोंड उघडं होतं. पण ती ओरडली नाही. त्या एका क्षणात घड्याळजींना सगळ्यात जास्त जे लागलं ते हे. नवऱ्याच्या हातातलं पिस्तूल आपल्या छातीवर आहे, तो चार हातांवर उभा आहे, आणि तरी बायको त्याला हाक मारत नाही. हाक मारून उपयोग नसतो हे ती शिकली होती, आणि शिकवलं यांनीच होतं.

बाईंनी त्यांचं मनगट वरून धरलं आणि असं खाली दाबलं की कोपर कप्प्यातल्या टेबलावर आपटलं. पिस्तूल काढून घेतलं. मॅगझिन काढलं, वरचा भाग मागे ओढला. एक अख्खं काडतूस टपकन टेबलावर पडलं आणि गोल फिरत कडेला येऊन थांबलं.

"हे नळीत होतं," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ऐकायला जास्त जड गेलं. "पुंगळी अडकली होती तोवर ते झाडलंच गेलं नसतं. तुम्ही ती काढलीत, पुढचं काडतूस आत गेलं. तुम्ही पिस्तूल दुरुस्त केलंत, काका."

घड्याळजी काडतुसाकडे बघत राहिले. कानांवरचे मफ काढायचं त्यांना सुचलं नाही. ते मेहुण्याने काढले. शेजारच्या कप्प्यातला माणूस झाडायचं थांबून यांच्याकडे बघत होता. बाकावरून उठून बायको पर्समधून सांडलेल्या वस्तू गोळा करत होती, किल्ल्या, रुमाल, औषधाच्या गोळ्यांचं पाकीट. तिच्या हातातून किल्ल्या दोनदा पडल्या. त्या उचलायला पुढे व्हावं असं घड्याळजींना वाटलं, पण लाल पट्टा ओलांडायचा धीर होईना.

बाईंनी सगळ्यांना ऑफिसात नेलं. टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर नियमांचा तक्ता. त्यांनी एक छापील कागद घड्याळजींसमोर ठेवला. वर लिहिलं होतं: घडलेल्या प्रकाराची नोंद. खाली साक्षीदाराच्या सहीला जागा.

"मी दोनदा थांबा म्हणाले," बाई म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू आलं नव्हतं का? नसेल आलं तर तसं लिहा. मफमुळे होतं कधीकधी. महिन्याभराने या, पुन्हा पहिल्यापासून शिकवीन. पण ऐकूनही वळला असाल, तर इथे तुम्हाला पुन्हा पिस्तूल मिळणार नाही आणि परवान्यासाठी आमचा दाखलाही मिळणार नाही. मला विचारावं लागतं."

घड्याळजींनी तोंड उघडलं.

"कानांवर ते एवढे जाड होते ना त्यांच्या," बायको म्हणाली. मनगट दुसऱ्या हातात धरून, जमिनीकडे बघत. "त्यात ऐकू नसेल आलं त्यांना."

"तेच म्हणतो मी!" मेहुण्याने लगेच री ओढली. "मॅडम, मलाच काही ऐकू आलं नाही!"

खोलीतला प्रत्येक जण त्यांना पळवाट काढून देत होता. पेन समोर होतं. चार शब्द लिहायचे, 'मला ऐकू आलं नाही', आणि पुन्हा सगळ्या बाजाराला मान वर करून सांगता येणार होतं. घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं. तीच मान, तोच धरलेला हात, तेच जमिनीकडे बघणं. या बाईने पोलिसासमोर आपली लाज झाकली आणि मग आठ महिने त्या घोंघावणाऱ्या मशीनशेजारी बसून काढले. मघाशी छातीवर पिस्तूल रोखलं गेलं, अजून पाच मिनिटं झाली नाहीत, आणि ती पुन्हा आपल्याला झाकते आहे. घड्याळजींना लाज वाटली. आजवर वाटत होती ती कोणाला कळेल याची होती. ही तशी नव्हती.

"ऐकू आलं होतं," ते म्हणाले.

"दाजी!"

"दोन्ही वेळा आलं होतं, मॅडम. मला वाटलं, मला जास्त कळतं." ते बायकोकडे वळले. मेहुणा समोर होता, एक परकी बाई समोर होती, पण आता थांबलो तर पुन्हा जमणार नाही हे त्यांना माहीत होतं. "आणि त्या दिवशीही आलं होतं. दुकानात. मशीन बंद होतं. तू तीन वेळा हाक मारलीस, मला तिन्ही ऐकू आल्या. मी घाबरलो. बसून राहिलो."

मेहुणा एरवी शब्दाला शब्द लावणारा माणूस, पण त्याने मान फिरवून भिंतीवरचे नियम वाचायला घेतले.

 बायकोने मान वर केली.

"तीन नाही," ती म्हणाली. "पाच."

घड्याळजींनी कागदावर हात टेकला.

"तीनदा अहो म्हटलं. मग दोनदा नावाने हाक मारली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तुमचं नाव घेतलं मी. म्हटलं, नावाने तरी उठतील."

कागदावर घड्याळजींचा हात होता. स्क्रू पिळताना न कापलेला हात. तो आता थरथरायला लागला आणि थांबेना. तेही ऐकलं होतं. ऐकून त्यांनी स्वतःला समजावलं होतं की ही आपल्याला नाही, ही कधी नाव घेत नाही, रस्त्यावरून त्या नावाचं दुसरं कोणी जात असेल, त्याला बोलावत असेल. आणि मग त्या दोन हाका त्यांनी मोजायच्याच सोडून दिल्या होत्या.

"तेही ऐकलं," ते म्हणाले. इतक्या हळू, की बाईंना पुढे झुकावं लागलं.

बायकोने मान हलवली. रडली नाही, आणि 'जाऊ द्या' असंही म्हणाली नाही. घड्याळजींनी कागदावर लिहिलं, 'थांबा म्हटलेलं ऐकू आलं होतं. तरी वळलो. समोर बायको होती.' अक्षर वेडंवाकडं आलं. खाली सही केली. बायकोने कागद आपल्याकडे ओढला, सगळा वाचला आणि साक्षीदाराच्या जागी सही केली. दुखऱ्या हाताने, सावकाश, पूर्ण नाव.

बाईंनी कागद फायलीत लावला. "चहा घेणार का कोणी?" त्यांनी विचारलं. कोणी नको म्हणालं नाही आणि कोणी हो म्हणालं नाही, तेव्हा त्या दार उघडून उभ्या राहिल्या.

बाहेर ऊन कडक पडलं होतं. गाडीत बायको पुढे भावाशेजारी बसली, घड्याळजी मागे एकटे. येताना उलटं होतं. मेहुण्याने गाडी सुरू केली, काहीतरी बोलायचं म्हणून रस्त्यातल्या खड्ड्यांना शिव्या घातल्या. घड्याळजी मांडीवर हात ठेवून, बायकोच्या मानेवरच्या पिकलेल्या केसांकडे बघत बसले होते. ती आता काय करील, माफ करील की नाही, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, आणि विचारायचा आपल्याला हक्क नाही एवढं कळत होतं. उद्या दुकान उघडायचं होतं. मशीनची वायर गुंडाळून ते पुन्हा फळीवर ठेवायचं, एवढं एक त्यांनी ठरवलं. कोणी विचारलं तर काय सांगायचं, तेही आता ठरलेलंच होतं.

मोठ्या रस्त्याला लागताना पुढून, मान न वळवता, आवाज आला.

"अहो."

"ओ!" घड्याळजी म्हणाले. इतक्या घाईने आणि इतक्या मोठ्याने, की मेहुण्याच्या हातातलं स्टिअरिंग हललं.

"पट्टा लावा," बायको म्हणाली.

घड्याळजींनी सीटचा पट्टा ओढला. हात अजून कापत होते, त्यामुळे तो खाचेत बसायला वेळ लागला.